पावसाळ्यात तडकलेलं पितळ

पेटी जूनमध्ये बंद केली आणि दसऱ्याच्या सुमाराला उघडली. मधल्या चार महिन्यांत तिला कुणी हात लावला नव्हता. काडतुसं ठेवली होती तशीच ओळीनं बसलेली. पण एक उचलून उजेडात धरलं, तर पितळी पुंगळीला तोंडापासून खाली केसासारखी बारीक, उभी चीर गेलेली. दुसरं पाहिलं, त्यालाही तीच. ना आपटलं, ना वाकलं, ना त्यावर कसला भार आला. ओझं नाही, धक्का नाही, आणि तरी धातू उललेला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या कोठारांत हे वारंवार घडत होतं. मुलूख आपलाच, त्यामुळे त्यामागचं वेळापत्रक आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात मोहीम थांबते, छावणी पडते, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा बाहेर पडायचं. मराठ्यांच्या फौजा याच ऋतुचक्रावर चालल्या आणि नंतर आलेल्या गोऱ्या फौजेलाही चिखल आणि फुगलेल्या नद्या चुकल्या नाहीत. पावसाळ्यापुरता दारूगोळा कोरड्या छपराखाली हलवायचा, आणि छावणीत पक्कं, ऐसपैस छप्पर असायचं ते घोड्यांच्या पागेला. काडतुसांच्या पेट्या पागेत ठेवल्या जात आणि उघडीप झाली की बाहेर निघत, अशी हकिगत धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. या दोषाला इंग्रजीत नाव पडलं ते ‘सीझन क्रॅकिंग’. लाकूड वाळताना, म्हणजे ‘सीझन’ होताना, त्याला जशा चिरा पडतात तशाच या दिसतात म्हणून हे नाव, असं एक स्पष्टीकरण. ठरावीक मोसमात, म्हणजे पावसाळ्यात पडतात म्हणून, असं दुसरं. आपण याला मोसमी चीर म्हणू.

या चिरेचं कारण नीट सापडायला १९२१ साल उजाडावं लागलं. इतका वेळ का लागला, हाच मला या गोष्टीतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग वाटतो. चिरेचं मूळ ज्या गुणात होतं, त्याच गुणासाठी ते पितळ निवडलं होतं.

काडतूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर १८५७ येतं. ती काडतुसं कागदाची होती. दातानं फाडायची, दारू नळीत ओतायची, वरून गोळी ठासायची. त्यानंतर दहा वर्षांच्या आत चित्र पालटलं. १८६६ च्या सुमारास एडवर्ड बॉक्सर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं स्नायडर बंदुकीसाठी पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी केलेलं काडतूस आणलं. गोळी, दारू आणि पेट घेणारी टोपी, तिन्ही एकाच पुंगळीत. पुण्याजवळ खडकीला काडतुसांचा कारखाना उभा राहिला तो १८६९ साली. पुणेकर ज्याला आजही नुसतं ‘अॅम्युनिशन फॅक्टरी’ म्हणतात, तोच हा.

गुंडाळीच्या पुंगळीला एक मोठी खोड होती. बार उडाला की पातळ पत्रा फुगून नळीच्या मागच्या खोबणीत चिकटायचा आणि ओढून काढायला गेलं की बूड तुटून हातात यायचं. १८८५ च्या जानेवारीत सुदानमधल्या अबू क्लीच्या लढाईत मार्टिनी-हेन्री बंदुका ऐन धुमश्चक्रीत अडकल्या. वाळू होती, उष्णता होती आणि हे पातळ पितळ होतं. त्यानंतर गुंडाळी मागे पडत गेली. पितळेच्या एका चकतीपासून अखंड, बिनजोडाची पुंगळी ओढून काढण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. १८८८ नंतर आलेल्या थ्री-नॉट-थ्री बंदुकीचं काडतूस अशा अखंड पुंगळीचंच होतं.

ही पुंगळी कशी होते ते सावकाश पाहण्यासारखं आहे. पितळी पत्र्यातून रुपयाएवढी चकती कापायची. ती साच्यावर ठेवून वरून ठोकणीनं दाबली की बुटकी वाटी तयार होते. ती वाटी जरा अरुंद साच्यातून ढकलली की उंच होते, भिंत पातळ होते. पुन्हा आणखी अरुंद साचा. पण सलग असं करता येत नाही. एकदा ओढलं की पितळ ताठरतं, तसंच पुढे रेटलं तर फाटतं. म्हणून प्रत्येक ओढीनंतर भट्टीत सहाशे अंशांच्या आसपास ताव द्यायचा, मऊ करून घ्यायचं, वर धरलेली काळी पुटं सौम्य गंधकाम्लात धुऊन काढायची आणि पुन्हा ओढायचं. शेवटी बूड ठोकून जाड आणि कडक करायचं, टोपीचं घर पाडायचं आणि तोंडाकडचा भाग आवळून गोळीच्या मापाचा गळा काढायचा.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत उभं राहिलं, तर हीच प्रक्रिया हातानं चाललेली दिसते. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची ही आळी. तांब्याच्या पत्र्याचा बंब किंवा घंगाळ घडवताना हातोड्याचे घाव पडत राहतात आणि त्यांचा नाद गल्लीच्या तोंडाशीच ऐकू येतो. कान देऊन ऐकलं की कळतं, तो नाद बदलत असतो. ताव देऊन नुकत्याच बाहेर काढलेल्या पत्र्यावर घाव बद्द पडतो. ठोकत गेलं की आवाज हळूहळू खणखणीत होतो. पत्रा कडक झाला, आता आणखी मारलं तर कडेला फाटेल, हे तांबटाला त्या आवाजावरून आणि हाताला बसणाऱ्या झिणझिणीवरून कळतं. मग भांडं पुन्हा भट्टीत. लाल झालं की बाहेर, चिंचेच्या पाण्यानं लखलखीत, आणि पुन्हा ऐरणीवर. शेवटचा हात मात्र तो मुद्दाम ताव न देता सोडतो. त्यालाच मठारकाम म्हणतात. भांडंभर एकसारखे, चकचकीत, बोराएवढे खळगे उठवायचे. लोकांना ती नक्षी वाटते, पण ती भांड्याची ताकद असते. मठारलेला पत्रा पातळ असूनही दबत नाही, पोचा येत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. लोहार लाल पोलाद पाण्यात बुडवतो तेव्हा ते कडक होतं, आपण त्याला ‘पाणी देणं’ म्हणतो. तांबं लाल करून पाण्यात बुडवा किंवा राखेत सावकाश निवू द्या, दोन्हीकडे ते मऊच निघतं. पोलादाच्या आतली रचना विशिष्ट तापमानाला बदलते आणि अचानक थंड केलं की अडकून पडते. तांब्यात तसं काही घडत नाही. शुद्ध तांब्याला आणि साध्या पितळेला कडकपणा देण्याची वाट एकच, ठोकण्याची किंवा ओढण्याची. आणि तो काढून घेण्याची वाटही एकच, तापवण्याची.

तांब्याच्या सगळ्या मिश्रणांना हे लागू पडत नाही, आणि त्याचं उत्तम उदाहरण आपल्या घरात असतं. तळपायाला तूप लावून जी काशाची वाटी घासतात ती. कांसं म्हणजे तांब्यात साधारण बावीस टक्के कथील. हे मिश्रण सावकाश निवलं तर काचेसारखं ठिसूळ होतं, कारण थंड होता होता त्यात एक कडक, ठिसूळ घटक वेगळा पडतो. पण लालबुंद असताना घडवून तसंच पाण्यात विझवलं, तर तो घटक वेगळा पडायला वेळच मिळत नाही आणि वाटी चिवट राहते. म्हणजे लोखंडाच्या अगदी उलट. पाण्यानं पोलाद ताठ होतं, कांसं सोशिक होतं. तांबं, पितळ, कांसं यांची भांडी मांडणीवर शेजारी शेजारी असतात, पण भट्टीपुढे सगळ्यांचे स्वभाव सारखे नसतात.

आता पितळेकडे वळू. तांब्यात जस्त मिसळलं की काय होतं? जस्ताचा अणू तांब्याच्या अणूहून जरासा मोठा. तांब्याच्या अणूंच्या सुबक रांगांत तो जागोजाग घुसून बसतो आणि रांगांना किंचित फुगवतो. धातू वाकतो तेव्हा या रांगा एकमेकींवरून सरकत असतात. वाटेत असे आडमुठे पाहुणे बसले की सरकणं अवघड होतं, म्हणजे धातू बळकट होतो. मऊ तांबं दर चौरस मिलिमीटरला बावीस किलोच्या आसपास भार पेलतं. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असलेलं मऊ पितळ बत्तीसच्या पुढे जातं, आणि तेच ओढून कडक केलं की पन्नास ओलांडतं. नवल म्हणजे, बळकट झाल्यावर धातू सहसा कमी ताणला जातो, पितळेचं तसं होत नाही. तीस टक्के जस्तापर्यंत त्याचं बळ आणि लवचीकपणा हातात हात घालून वाढतात. ताव दिलेली पट्टी तुटण्याआधी निम्म्याहून जास्त लांबते. पुढे चाळीस टक्क्यांच्या आसपास दुसऱ्याच घडणीचे स्फटिक पितळेत दिसू लागतात, ते थंड असताना ओढायला हट्टी आणि गरम असताना घडवायला सोपे. जॉर्ज मंट्झनं १८३२ साली बर्मिंगहॅमला जहाजांच्या तळाला ठोकण्याच्या पत्र्यासाठी पेटंट घेतलं ते या साठ-चाळीस पितळेचं. पण पुंगळीसाठी जगभर ठरलं ते सत्तर-तीस. त्याला इंग्रजीत नावच पडलं ‘कार्ट्रिज ब्रास’, काडतुसी पितळ. जस्ताच्या या भरतीची किंमतही आहे. तांब्याची वीज वाहण्याची क्षमता शंभर धरली, तर या पितळेची अठ्ठावीसवर येते. पुंगळीला त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

पुंगळीला लागत होतं ते वेगळंच. चाप ओढल्यावर दारूचा जो दाब उठतो, त्यानं पुंगळीची भिंत क्षणात फुगून नळीला घट्ट टेकली पाहिजे, म्हणजे मागे बंदूकधाऱ्याच्या तोंडावर आगीचा लोट येत नाही. आणि दाब ओसरल्याबरोबर तिनं किंचित आक्रसून नळी सोडली पाहिजे, म्हणजे रिकामी पुंगळी सहज बाहेर निघते. फार मऊ पितळ फुगेल आणि फुगलेलंच राहील. फार कडक पितळ फुगतानाच फाटेल. मधला नेमका ताठरपणा हवा, आणि तो मिळतो शेवटच्या काही ओढींतून. तांबट मठारताना जे करतो तेच. म्हणून पुंगळीला शेवटी पूर्ण ताव देऊन मऊ करणं परवडणारं नव्हतं. तिच्या अंगातला कडकपणा राखायचाच होता.

आणि त्या कडकपणाच्या सोबत, कुणाच्या नजरेत न येता, आणखी एक गोष्ट तिच्या अंगात राहत होती.

साच्यातून ओढताना भिंतीचा बाहेरचा थर आणि आतला थर सारखे ताणले जात नाहीत. एक जास्त ओढला जातो, दुसरा कमी. साचा सुटल्यावर दोघंही आपापल्या मूळ मापाकडे जायला बघतात, पण एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे कुणालाच तिथवर जाता येत नाही. बाहेरचा थर कायमचा ताणात राहतो, आतला दाबात. घट्ट पीळ दिलेला आणि टोकं बांधून ठेवलेला दोर जसा शांत पडलेला दिसतो, तसं हे. गळ्यापाशी तर आणखी एक ताण येतो, कारण तिथे गोळी दाबून बसवलेली असते आणि पितळेचा गळा तिला रात्रंदिवस आवळून धरत असतो. काडतूस पेटीत निवांत पडलेलं असतं तेव्हाही त्याचा कातडीएवढा पातळ थर खेचला जात असतो.

चीर दिसली तेव्हा पहिला संशय अर्थातच मालावर गेला. पितळेत शिसं राहिलं असेल, भंगार मिसळलं असेल, भट्टीवाल्यानं ताव कमी-जास्त दिला असेल. मग हवेवर. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा, त्यानं धातू थकत असेल. हिंदुस्थानातली हवा हे त्या काळात कुठल्याही बिघाडाचं तयार उत्तर असे. यातलं काही अंशी खरंही होतं, पण एकाही कारणानं हिशेब पुरा जुळत नव्हता. एकाच वितळणीतल्या पितळेची काडतुसं एका कोठारात वर्षानुवर्षं धडधाकट राहत आणि दुसऱ्या कोठारात एका पावसात तडकत. माल वाईट असता तर दोन्हीकडे तडकला असता. हवा वाईट असती तर त्या कोठारातली सगळीच तडकली असती, पण काही टिकत. दोन गोष्टी एकाच वेळी लागत होत्या आणि लोक एकेकच धरून पाहत होते.

पहिला धागा जर्मनीतून हाती आला. बर्लिनच्या एमिल हाइन यांनी थंड ठोकलेल्या धातूंच्या आत अडकून राहिलेला ताण मोजण्याची युक्ती काढली आणि १९१४ साली लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सपुढे त्यावर व्याख्यान दिलं. युक्ती सोपी आणि देखणी आहे. ओढलेल्या सळईची लांबी अचूक मोजायची, मग लेथवर तिचा बाहेरचा थर बारीक सोलून काढायचा आणि पुन्हा मोजायची. ताणलेला बाहेरचा थर निघून गेला की उरलेला गाभा, ज्याला त्यानं दाबून ठेवलं होतं, तो मोकळा होऊन किंचित लांबतो. किती लांबला त्यावरून आतला ताण किती होता याचा हिशेब. जे आजवर कल्पनेत होतं ते मोजपट्टीवर आलं. पितळेचा नग पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचा, अशी एक झटपट परीक्षाही या कामात हाताशी होती. आत ताण असेल तर तो नग मिनिटांत तडकतो, नसेल तर नुसता चंदेरी होऊन बाहेर येतो.

त्याच सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क शहराला पाणी आणणाऱ्या कॅट्स्किल जलवाहिनीच्या कामात वापरलेल्या पितळी जातीच्या बोल्टांना चिरा पडू लागल्या. तिथे ना पागा, ना आपला पाऊस. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या पॉल मेरिका आणि वुडवर्ड यांनी असे नग तपासले आणि १९१७ साली अहवाल काढला. दोष होता तो मुख्यतः घडवताना आत राहून गेलेल्या ताणाचा. पुढे दोनच वर्षांनी याच मेरिकांनी सहकाऱ्यांसोबत अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत तांबं आणि अॅल्युमिनियमच्या संयुगाचे सूक्ष्म कण सावकाश वेगळे पडून ते कडक कसं होतं याची उकल केली. उष्णतेनं धातूच्या आत काय घडतं, हा प्रश्न त्या दशकात सगळीकडे पेटला होता.

कारण युद्ध चालू होतं. १९१४ ते १९१८ मध्ये पितळ ज्या प्रमाणात उडालं त्याला आधी तोड नव्हती. बंदुकीच्या काडतुसांपासून अठरा पौंडी तोफेच्या पुंगळीपर्यंत सगळं सत्तर-तीस पितळेचं. रिकाम्या पुंगळ्या रणांगणावरून गोळा करून, पुन्हा मापात आणून, पुन्हा भरल्या जात. मोसमी चीर ही आता हिंदुस्थानातल्या एखाद्या कोठाराची तक्रार राहिली नव्हती. लंडनजवळ वुलिच इथे शस्त्रागाराचा संशोधन विभाग होता, तिथे मूर आणि बेकिन्सेल यांनी हा प्रश्न हातात घेतला. सोबत तिसरं नाव मॅलिन्सन यांचं.

त्यांचं काम चिकाटीचं होतं. ताण असलेले आणि ताण काढून टाकलेले असे पितळेचे नमुने वेगवेगळ्या द्रावणांत आणि वाफांत ठेवायचे आणि वाट पाहायची. आम्ल, मीठ, ओली हवा, कोरडी हवा. बहुतेकांनी पितळेला गंज चढला, रंग बदलला, पृष्ठभाग खरवडला गेला, पण चीर पडेना. अमोनिया मात्र वेगळा निघाला. ताणलेल्या पितळेला ओलसर हवेत अमोनियाचा लवलेश लागला तरी ते तडकत होतं. ताण नसलेल्या पितळेला तोच अमोनिया वरवर निळसर डाग पाडून सोडून देत होता. १९२१ साली तिघांचा निबंध इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सच्या नियतकालिकात आला आणि गुंता सुटला.

आता पागेकडे परत या. घोड्याच्या मुतात युरिया असतो. तो कुजला की अमोनिया सुटतो. तबेल्यात शिरल्याबरोबर डोळ्यांना आणि नाकाला झोंबतो तो हाच. पावसाळ्यात दारं बंद, हवा कोंदट, भिंतींना ओल. पेटीच्या फटीतून आत गेलेली ही दमट, झोंबरी हवा पुंगळीवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरायची. अमोनिया तांब्याशी मिळून गडद निळं, पाण्यात विरघळणारं संयुग करतो. पितळ म्हणजे असंख्य बारीक स्फटिककणांची गच्च बांधणी, आणि दोन कणांमधली सांध ही त्यातली सगळ्यांत हळवी जागा. अमोनिया तिथे कुरतडायला लागतो. ताण नसेल तर हे कुरतडणं तिथल्या तिथे राहतं. पण भिंत आधीच खेचलेली असेल तर कुरतडलेली सांध जराशी उघडते, आत ताजं पितळ उघडं पडतं, अमोनिया पुढे सरकतो, सांध आणखी उघडते. सूक्ष्मदर्शकाखाली ही चीर कणांना फोडत नाही. ती त्यांच्या सीमांवरून, बांधाबांधानं जाणाऱ्या पायवाटेसारखी, वळणं घेत जाते.

धातूंचे तासलेले, झिजवलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी १८६३ च्या सुमारास सुरू केली होती. म्हणजे काडतुसी पितळ आणि ते पाहायची नजर जवळजवळ एकाच काळात जन्मली. तरीही मधे पन्नासहून अधिक वर्षं गेली. पागेतला वास रोज ज्याच्या नाकाला झोंबत होता तो मोतद्दार, पुंगळी ओढणारा कारागीर आणि तडकलेलं काडतूस हातात घेऊन चिडलेला अधिकारी, हे तिघं कधी एका ठिकाणी बसले नाहीत. तिघांकडे मिळून पुरं उत्तर होतं.

कारण कळल्यावर उपाय तीन दिसत होते. काडतुसं अमोनियापासून लांब ठेवावीत, हा पहिला. चांगला, पण घोड्यांवर चालणाऱ्या फौजेत भरवशाचा नाही. दुसरा, जस्त कमी करावं. पंधरा टक्क्यांच्या खाली जस्त असलेलं पितळ या चिरेला जवळजवळ दाद देत नाही. पण मग ते ओढताना मिळणारं बळ जातं, आणि तांबं जस्तापेक्षा महाग. तिसरा उपाय तापवण्याचा, आणि त्यातच सगळी खुबी आहे.

ओढलेलं पितळ तापवत नेलं की त्याच्या आत दोन गोष्टी एकामागोमाग घडतात, एकदम नाही. आधी, साधारण अडीचशे अंशांच्या आसपास, अणूंना थोडीशी हालचाल करण्याइतकी ऊब मिळते. रांगांमधली मोठी ओढाताण सैल होते, बाहेरचा थर आणि आतला थर आपसात समेट करतात. पण स्फटिककण जुनेच राहतात, ओढीनं चेपलेले, कडक. त्याहून बरंच वर गेलं की नवे, ताजे कण जुन्यांची जागा घेऊ लागतात आणि पितळ मऊ होतं. तांबट आणि पुंगळीकार पिढ्यान्‌पिढ्या ताव देत आले तो हा दुसरा, लाल रंगापर्यंतचा. पहिल्या टप्प्यावर थांबायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं, कारण तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. धातू लाल होत नाही, मऊ लागत नाही, त्याचा नादही बदलत नाही. वुलिचच्या मंडळींनी दाखवलं की पुंगळी त्या मधल्या टप्प्यावर तासभर ठेवली, तर तिचा ताठरपणा जवळपास तसाच राहतो आणि चीर पडण्याचं भय जातं. बंदुकीला हवा होता तो कडकपणा शिल्लक, आणि त्याच्या आडून राहणारा ताण नाहीसा. अडीचशे अंश म्हणजे घरच्या भाकरीच्या तव्याएवढी धग. अर्ध्या शतकाच्या डोकेदुखीवरचं औषध एवढंच होतं.

हे वाचताना माझ्या मनात कल्हईवाला येतो. भांडं निखाऱ्यांवर तापवून तो आत नवसागराची पूड टाकतो आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतो. नवसागर तापला की त्यातून अमोनियाच सुटतो, लहानपणी ज्यांनी तो धूर घेतला आहे त्यांना ती झोंब आठवेल. म्हणजे ज्या वायूनं काडतुसं फोडली, तोच वायू आपल्या आज्यांच्या पितळी पातेल्यांत दर चार-सहा महिन्यांनी कोंडला जात होता. पातेली का तडकली नाहीत? कारण त्याच वेळी ती निखाऱ्यांवर होती. कथील वितळतं दोनशे बत्तीस अंशांना, आणि कल्हई नीट पसरायला भांडं त्याच्याही जरा वर तापवावं लागतं. अमोनियाची आणि त्याच्यावरच्या उताऱ्याची गाठ तिथे एकाच क्षणी पडत होती. धूर मिनिटभरात विरून जायचा आणि भांड्याच्या अंगातला ताण भट्टीतच राहायचा. कल्हईवाल्याला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याचं लक्ष कापसाच्या बोळ्यानं कथील एकसारखं फिरतंय का, याकडे असायचं.

१९२१ नंतर ताण काढणारा हा सौम्य ताव पितळकामाचा नेहमीचा भाग झाला. आगगाडीचे आणि वाफेच्या यंत्रांचे सुटे भाग, जहाजांवरच्या वाफ थंडावणाऱ्या नळ्या, सगळीकडे तो पोचला. ओल, ताण आणि एखादं चिमूटभर रसायन एकत्र आलं की धातू आपल्या ताकदीच्या कितीतरी खाली तडकू शकतो, हे एकदा कळल्यावर पोलादातल्या, अॅल्युमिनियममधल्या अशाच चिरा अभियंत्यांना वेगळ्या नजरेनं दिसू लागल्या. विमानं, बाष्पके, पूल यांच्या तपासणीत आज जी एक आख्खी शाखा काम करते, तिच्या मुळाशी ही पागेतली पेटी आहे.

एखादं लष्करी काडतूस जवळून पाहायला मिळालं तर त्याच्या गळ्याकडे बघा. बुडाकडचं पितळ पिवळंधमक असतं. खांद्यापाशी आलं की त्यावर तपकिरी, जांभळट छटा चढते, मोराच्या मानेवर उन्हात दिसते तशी, आणि तोंडाकडे ती फिकट होत जाते. शेवटी गळा आवळून झाल्यावर तेवढ्याच भागाला ज्योतीनं ताव दिल्याची ही खूण. दुकानात विकायच्या काडतुसांवरून ती घासून काढतात, दिसायला चांगलं दिसावं म्हणून. फौजेच्या मालावर ती बहुधा तशीच ठेवतात, म्हणजे तपासणाऱ्याला एका नजरेत कळतं की गळ्याला आच लागली आहे.